‘हॅलो, माईक चेक’ने काही कळत नाही

हळद शिजून वाळत पडली, हरभरा घरात आला, की हिंगोली जिल्ह्यात गावोगाव अखंड हरिनाम सप्ताहाची पत्रकं वाटली जातात. पत्रकावर कीर्तनकारांचे फोटो, काकड्यापासून हरिपाठापर्यंतचा नित्यक्रम, अन्नदात्यांची नावं, मृदंगाचार्य, गायनाचार्य आणि अगदी तळाशी बारीक अक्षरात मंडप व साउंड सर्व्हिस. त्या बारीक अक्षरातल्या माणसाची आठवण गावाला आवाज बिघडल्यावरच येते.

सेनगाव तालुक्यातल्या एका सप्ताहात संध्याकाळी मी त्याच्या टेबलाशेजारी बसलो होतो. मंडपात कुणी बोलत नव्हतं, तरी दोन्ही बाजूंच्या बॉक्समधून ‘हुंऽऽ’ असा जाड, सलग आवाज चालू होता. एक म्हातारबाबा येऊन म्हणाले, “भाऊ, मशीन बदला की.”

“मशीन चांगली हाय बाबा. आधी कुठून यायलंय ते बघू द्या.”

त्याने मिक्सरचा मास्टर फेडर खाली ओढला. गुणगुण तशीच. म्हणजे माईक, त्यांच्या वायरी, मिक्सरची चॅनलं सगळी सुटली. दोष त्यांच्या पुढे आहे. मग ॲम्प्लिफायरमध्ये मिक्सरकडून येणारी पिन उपसली. मंडप एकदम गप्प. म्हणजे ॲम्प्लिफायरही निर्दोष. राहिलं ते या दोघांमधलं नातं. मिक्सरला वीज देवळाच्या बोर्डातून घेतलेली, ॲम्प्लिफायरला स्टेजमागच्या जनरेटरच्या बोर्डातून. दोन ठिकाणची वीज म्हणजे दोन अर्थिंग, आणि त्यांच्यात थोडा जरी फरक असला तरी तो भरून काढायला आवाजाच्या वायरीच्या जाळीतून करंट वाहू लागतो. आपली वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावते. त्या हेलकाव्याचा आणि त्याच्या पटींचा आवाज म्हणजे ही गुणगुण. त्याने ॲम्प्लिफायरच्याच बोर्डावरून एक लांब एक्स्टेंशन मिक्सरपर्यंत आणलं आणि विषय संपला.

चैत्रात हा त्रास जास्त होतो, असं तो म्हणाला, आणि ते पटण्यासारखं आहे. इथली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. कोरड्या मातीतून वीज नीट मुरत नाही, म्हणून जनरेटरशेजारी ठोकलेल्या अर्थिंगच्या सळईला पाणी घालत राहावं लागतं. अशा वेळी प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाका म्हणजे गुणगुण जाते, असं सांगणारा जाणकार प्रत्येक गावात भेटतो. गुणगुण जाते हे खरं. पण लोखंडी पाइपांच्या मंडपात, धातूचा माईक हातात धरलेल्या महाराजांचं संरक्षणही तिच्याबरोबर जातं. याला मी जुगाड म्हणणार नाही. हा निव्वळ जिवाशी खेळ आहे. वीज एका बोर्डावरून घेता येत नसेल, तर आवाजाच्या वायरीत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालतात आणि विजेच्या अर्थिंगला हात लावत नाहीत.

गुणगुण गेल्यावर दुसरा आवाज उघडा पडला. ‘सूऽऽ’ असा, पावसासारखा. हा वायरीचा नव्हता, मांडणीचा होता. आदल्या दिवशी कुणी तरी ॲम्प्लिफायरची बटणं पूर्ण उघडून ठेवली होती आणि मग आवाज फार होतो म्हणून मिक्सरवर सगळ्या माईकचे गेन अगदी कमी करून टाकले होते. लोकांना वाटतं, ॲम्प्लिफायरचं बटण म्हणजे ताकदीचं बटण. तसं नाही. आत येणारा सिग्नल किती घ्यायचा एवढंच ते ठरवतं. आत येताना सिग्नल दुबळा राहिला, तर पुढे तो वाढवताना मिक्सरची स्वतःची फुसफुसही तेवढीच वाढते. बियाण्यात तण मिसळलेलं असलं की खत दोघांनाही लागतं, तसं.

आकडे पाहिले तर हे लक्षात येतं. साध्या डायनॅमिक माईकमधून बोलताना हजारांश व्होल्टच्या हिशेबात सिग्नल निघतो. मिक्सरला बाहेर जवळपास सव्वा व्होल्ट द्यायचा असतो. म्हणजे पहिल्याच गेनच्या बटणावर सिग्नल हजारपटीच्या आसपास, 60 डेसिबलने, वाढवावा लागतो. माईकच्या वायरीत जे शिरलं असेल तेही हजारपट होतं. म्हणून तर माईकच्या चांगल्या वायरीत दोन तारा असतात: एकीत सिग्नल सुलटा, दुसरीत उलटा. बाहेरची खरखर दोन्हींवर सारखीच बसते. मिक्सर दोघींमधला फरक तेवढा घेतो आणि खरखर आपोआप वजा होते. पण एका टोकाला साधा मोनो जॅक डकवला की ही युक्तीच मोडते. त्या दिवशी पेटीच्या माईकला अशीच वायर निघाली, आणि ती लाइटच्या माळांना चिकटवून नेलेली होती. त्याने ती बदलली. नवी वायर माळांपासून दूर फिरवली, जिथे ओलांडणं भागच होतं तिथे काटकोनात ओलांडली.

मग गेन. मंडपवाल्यांची पोरं माईकपुढे येऊन ‘हॅलो, हॅलो, माईक चेक, वन टू थ्री’ म्हणतात, मीटरचे दोन हिरवे दिवे लागतात, आणि सगळे निर्धास्त होतात. या माणसाने त्यांना बाजूला केलं आणि टाळकऱ्यांना उभं राहायला सांगितलं. “गजर धरा. पूर्ण ताकदीनं.”

कीर्तनाचं गणित इथेच वेगळं आहे. गाण्याच्या कार्यक्रमात गायकाचा आवाज सगळ्यात मोठा. कीर्तनात महाराज निरूपणात कुजबुजीपर्यंत उतरतात आणि पुढच्याच मिनिटाला मागे उभे टाळकरी, दोन्ही बाजूंचे गायक आणि मृदंग एकदम तुटून पडतात. पितळी टाळांचा आवाज महाराजांच्या माईकमध्येही शिरतो. निरूपण ऐकू येत नाही म्हणून त्यांचा गेन वाढवला, तर गजरात लाल दिवा लागतो, आवाज फाटतो. फाटलेल्या सिग्नलमध्ये उंच पट्टीची ताकद जास्त असते, त्यामुळे बॉक्समधलं छोटं युनिट आधी जळतं. म्हणून गेन गजरावर बसवायचा, वर मोकळी जागा ठेवायची आणि निरूपणात फेडरने हात द्यायचा. मृदंगाला त्याने दोन माईक दिले. कणकेचा गोळा लावलेल्या डाव्या पुडीचा माईक जरा लांब ठेवला, नाही तर धुमेच्या घुमाऱ्यात बाकी सगळं बुडतं.

उघड्या माईकची संख्या दुप्पट झाली की शिट्टी वाजण्याआधीची मोकळीक 3 डेसिबलने घटते. एकाचे आठ माईक झाले तर 9. गायनाचार्य वाढले की गाव खूश होतं. ऑपरेटर मात्र नको असलेले माईक शोधून बंद करत बसतो. शिवाय महाराज नाचत पुढे येतात, थेट बॉक्ससमोर. याच जिल्ह्यातल्या औंढा नागनाथला अशी कथा सांगतात, की नामदेवांना कीर्तनासाठी देवळामागे जायला सांगितलं तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरलं. साउंडवाल्याच्या नशिबात ते नाही. त्याला बॉक्स स्वतः फिरवावे लागतात. त्याने ते स्टेजच्या रेषेपुढे सरकवले आणि महाराजांच्या सेवेकऱ्याला जमिनीवरची एक सतरंजी दाखवून सांगितलं, “माउली, महाराजांना म्हणा, हिच्या पुढं जायचं नाही.”

रात्री 10 नंतर लाउडस्पीकर बंद, हा 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक. कीर्तन रात्रीचं, त्यामुळे 10 जवळ येतात तसं प्रत्येकाचं लक्ष घड्याळाकडे. त्यात मंडळातला एक तरुण ‘बेस वाढवा’ म्हणून दोनदा येऊन गेला. त्याला दोन्ही वेळा “वाढवला” असं उत्तर मिळालं. बटणाला कुणी हात लावला नव्हता. तरुण समाधानाने परत गेला.

पहाटे काकड्याआधी अभंग लावायचे म्हणून कुणी मोबाइल जोडला. पुन्हा खरखर, या वेळी बारीक आणि किरकिरी. ऑपरेटरने मिक्सरकडे पाहिलंही नाही. मोबाइलचा चार्जर सॉकेटमधून काढला, आवाज स्वच्छ झाला, आणि मोबाइल त्या माणसाच्या हातात परत दिला. “घरून फुल चार्ज करून आणा दादा, मग लावू.”