अठरा वॅटचा गारवा

गडचिरोली जिल्ह्यातल्या हेमलकशाला येणारा माणूस बहुधा आमटे दाम्पत्याचा लोक बिरादरी प्रकल्प पाहायला येतो. मे महिन्यात आला, तर रस्त्याकडेच्या शेडसमोर उघडे पडलेले कूलरही दिसतात. पत्र्याच्या टाक्या, काढून ठेवलेल्या ताट्या आणि मध्ये उकिडवा बसलेला मिस्त्री. चंद्रपूर-गडचिरोलीत पारा पंचेचाळिशी ओलांडतो, सर्वांत तापणाऱ्या नऊ दिवसांचा नवतपा तोंडावर येतो आणि नेमका तेव्हाच कूलर दगा देतो.

"मोटर नाही जळली जी, पंप गेला," मिस्त्री म्हणतो.

पंप मुठीत मावेल एवढा, १८ वॅटचा. तो पाणी वर चढवत नाही तोवर कूलर म्हणजे गरम हवा खोलीत ढकलणारा मोठा पंखा. ताटीवरून पाणी झिरपायला लागलं, की त्याची वाफ होताना हवेतली उष्णता खर्ची पडते. हवा कोरडी असेल तेवढा गारवा जास्त, म्हणून विदर्भाच्या उन्हाळ्यात कूलर चालतो आणि पावसाळी दमट हवेत निकामी ठरतो.

मिस्त्री पंपाचं खालचं झाकण काढतो. आत क्षाराचं पांढरं कडं, त्यात ताटीच्या काड्या गुंतलेल्या. तो ते खरवडतो, काड्या उपसतो, पंप बादलीत बुडवून पिन लावतो. आधी नुसती घरघर. मग नळीतून धार उडते. नव्या ताटीवर ती पडली की ओल्या लाकडाचा वास शेडभर पसरतो आणि वाट पाहत बसलेली माणसं उठून उभी राहतात.

पंखा अडला, तर निदान आणखी सोपं. लाकडी काडीने पातं ढकलल्यावर फिरू लागलं तर बहुधा कंडेन्सर गेलेला. ढकलूनही जड फिरलं तर बुश किंवा बेअरिंग. मोटर खरोखरच जळली, तर मात्र वायंडिंगसाठी आलापल्ली गाठायची. ती साठेक किलोमीटर दूर.

१९७३ साली डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे इथे आले, तेव्हा वीजच नव्हती. दवाखाना कंदिलाच्या उजेडात चाले. आता वीज आहे, पण जंगलातल्या तारांवर झाड पडलं की ती जाते, आणि असते तेव्हाही व्होल्टेजचा भरवसा नसतो. कमी दाबावर पंप गुरगुरतो, पाणी मात्र चढत नाही. शेजारच्या चंद्रपुरातल्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट.  इथे १८ वॅटच्या पंपाला पुरेल एवढा दाब मात्र येईलच असं नाही.

एसी घ्यावा, असा सल्ला शहरातले पाहुणे देतात. पण त्याचा गॅस गेला तर तो भरणारा माणूस कुठून आणायचा? कूलर एका पेचकसाने उघडतो, आणि इथे तेच मोलाचं.

या कामात एक धोका मात्र आहे: पत्र्याची टाकी, ओली जमीन, अनवाणी पाय आणि बोर्डातलं अर्थिंगचं रिकामं भोक. मिस्त्री प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच बजावतो: "आधी पिन काढा, मंग पाण्याला हात लावा." ऐकणारे हसून मान हलवतात. वाचकांनी तसं करू नये. यंदा कूलर लावण्याआधी बोर्डाचं अर्थिंग तपासून घ्या आणि टाकी भरताना पिन काढूनच ठेवा.