फॉरमॅट मारण्याआधी थांबा!

जुलै २०२३ मधला तो पाऊस संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यातला शेतकरी विसरलेला नाही. सातपुड्यातून उतरलेल्या पाण्याने नाल्याकाठची जमीन खरडून नेली, उभी कपाशी आणि सोयाबीन गाळाखाली गेले. मग तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक असे तिघे मिळून बांधावर गेलो, संयुक्त पंचनामे झाले. सोनाळा परिसरातल्या काही गावांची कच्ची यादी मी एका कार्यालयातल्या जुन्या कॉम्प्युटरवर एक्सेलमध्ये भरत होतो. नाव, गट क्रमांक, बाधित क्षेत्र, आधार, बँक खाते. पंचनाम्याचे कागद होते, पण खाते क्रमांक मात्र मी शेतकऱ्यांना फोन करकरून थेट कॉम्प्युटरवर चढवले होते. दुसरीकडे कुठेच लिहिले नव्हते. ही चूक माझीच.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लाईट गेली, आली, पुन्हा गेली. रात्री कॉम्प्युटर सुरू केला तर काळ्या पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ. मतलब असा, की सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही. शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "विंडोज उडालं साहेब. फॉरमॅट मारा लागते."

"मंग याद्या?"

"त्या गेल्या समजा."

शेतकरी बंधूंनो, यादीत नाव नाही म्हणजे मदत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी सोनाळ्यात ऑनलाईन फॉर्म भरून देणारा एक पोरगा आला, खिशातून पेन ड्राइव्ह काढला, तो लावून कॉम्प्युटर चालू केला आणि पाऊण तासात माझी सगळी यादी दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उतरवून दिली. "विंडोज मेलं साहेब, फाईल नाही मेल्या," एवढंच बोलला. चहाचे पैसेही त्यानेच दिले.

हे कसे होते ते नीट समजून घ्या, कारण आता ग्रामपंचायत, सेवा सोसायटी, शेतकरी गट, कृषी केंद्र, सगळ्यांचा कारभार अशाच एखाद्या कॉम्प्युटरवर आहे.

विंडोज ही कॉम्प्युटर चालवणारी व्यवस्था आहे. ती आणि तुमच्या फाईली बहुतेक वेळा एकाच डिस्कवर राहतात, पण दोन्ही एक नव्हेत. घराच्या पुढच्या दाराचे कुलूप बिघडले म्हणून कोठीतली ज्वारी जात नाही. मागच्या दाराने आत शिरायचे आणि पोती बाहेर काढायची. हे मागचे दार म्हणजे बूट डिस्क. नव्वदच्या दशकात ती फ्लॉपी असे, १.४४ एमबीची. विंडोज ९५ आणि ९८ स्वतःच अशी फ्लॉपी करून ठेवायला सांगत. २६ एप्रिल १९९९ रोजी 'सीआयएच' नावाच्या व्हायरसने जगभर डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसला, तेव्हा ज्यांच्या कपाटात अशी फ्लॉपी होती त्यांतल्या काहींना निदान कॉम्प्युटर उघडून आत काय उरले ते पाहता आले. आता फ्लॉपीची जागा पेन ड्राइव्हने घेतली, बाकी तत्त्व तेच.

फार लांब कशाला, १९ जुलै २०२४ आठवा. 'क्राउडस्ट्राइक' कंपनीच्या सुरक्षा प्रणालीतली एकच सदोष फाईल सुमारे ८५ लाख कॉम्प्युटरवर गेली आणि सगळ्यांचे पडदे निळे झाले. आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले प्रवासपास वाटावे लागले. इलाज काय होता? बहुतेक कॉम्प्युटर एकेक करून मागच्या दाराने उघडायचे आणि ती एक फाईल काढून टाकायची. आतला डेटा जिथल्या तिथे होता.

आता फॉरमॅट म्हणजे काय ते बघा. नेहमीच्या झटपट फॉरमॅटमध्ये डिस्कवरची कोणती फाईल कुठे आहे, याची नोंदवही कोरी होते. जमीन जागेवरच, फक्त सातबारा कोरा! तेवढ्यावर थांबलात तर 'टेस्टडिस्क' किंवा 'फोटोरेक' अशा फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामने बरेच काही परत मिळू शकते. पण दुरुस्तीवाला थांबत नाही, लगेच त्याच जागेवर नवे विंडोज बसवतो. एकदा अतिक्रमण झाले की त्याखालची फाईल कायमची गेली. आणि नव्या कॉम्प्युटरमध्ये एसएसडी नावाची डिस्क असते, तिच्यावर पुसलेली जागा डिस्क स्वतःच लवकर साफ करते, तिथे परत मिळण्याची आशा आणखी कमी. म्हणून दुरुस्तीला देताना पहिले वाक्य हेच बोला: आधी फाईली काढून दाखव, मग काय करायचे ते कर.

पेन ड्राइव्ह तयार करायला फार अक्कल लागत नाही. चांगल्या चालणाऱ्या कॉम्प्युटरवर करा, बिघडलेल्यावर नाही. १६ जीबीचा कोरा पेन ड्राइव्ह घ्या. आत काही असेल तर ते पुसले जाईल. 'उबंटू' ही लिनक्स प्रणाली तिच्या अधिकृत ठिकाणावरून फुकट उतरवता येते. ती काही जीबीची असते, तेव्हा नेट चांगले असेल त्या गावी उतरवा. मग 'रूफस' नावाच्या छोट्या, फुकट प्रोग्रामने ती पेन ड्राइव्हवर चढवा. नुसती कॉपी करून चालत नाही, इथेच पुष्कळांची गाडी अडते.

वेळ आली की पेन ड्राइव्ह लावून कॉम्प्युटर चालू करायचा आणि चालू होतानाच एफ १२ हे बटन दाबत राहायचे. काही कंपन्यांच्या कॉम्प्युटरला एफ ९ किंवा एस्केप लागते. यादी येते, त्यात पेन ड्राइव्ह निवडा. पुढे पडदा विचारतो, 'ट्राय' की 'इन्स्टॉल'. इथे बोट सांभाळा! 'ट्राय' म्हणजे नुसते वापरून पाहणे, त्यात डिस्कला धक्का लागत नाही. 'इन्स्टॉल' म्हणजे ती प्रणाली तुमच्या डिस्कवर बसवणे, आणि तिथे चुकीची खूण झाली तर सगळे साफ. मग डिस्क उघडून 'युजर्स' फोल्डरमध्ये जा आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स दुसऱ्या पेन ड्राइव्हवर घ्या. सोसायटीच्या सचिवांनी टॅलीचा डेटा विसरू नये. तो बहुधा डेस्कटॉपवर नसतो, त्याचे फोल्डर वेगळे असते. आजच टॅली उघडून तो कुठे साठतो ते बघून वहीत लिहून ठेवा.

आणखी एक गोष्ट आपल्याच मराठीची. जुन्या याद्या, ठराव, नमुने श्रीलिपी किंवा कृतीदेव अशा फॉन्टमध्ये टाइप केलेले असतात. फाईल वाचली पण फॉन्ट गेला, तर 'रामराव' च्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. फाईलबरोबर फॉन्टही काढून ठेवा. नवे काम युनिकोडमध्ये करा, म्हणजे ही कटकट संपली.

दोन ठिकाणी हा उपाय चालत नाही. डिस्कमधून टक् टक् आवाज येत असेल तर तिचे यंत्रच बिघडले आहे. लगेच बंद करा, पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका. दर वेळी नुकसान वाढते. ते काम डेटा काढणाऱ्या जाणकाराचेच. दुसरे, विंडोज ११ असलेल्या पुष्कळ नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते. त्याला बिटलॉकर म्हणतात. तिथे पेन ड्राइव्हने आत शिरलात तरी ४८ आकडी किल्ली मागते. किल्ली नसेल तर कंपनीवालाही उघडू शकत नाही. ती आजच छापून कार्यालयाच्या कपाटात ठेवा, त्याच लॅपटॉपमध्ये नको. किल्ली पेटीत ठेवून पेटीला कुलूप लावणारे मी पाहिले आहेत.

सातबारा, फेरफार, ई-पीक पाहणी, महाडीबीटीचे अर्ज यांची काळजी करू नका. ते शासनाच्या सर्व्हरवर आहेत, गावातला कॉम्प्युटर जळाला तरी जात नाहीत. जाते ते आपण मधल्या काळात जमवलेले: कच्च्या याद्या, गटाचा हिशेब, बांधावरचे फोटो, ठिबकची अंदाजपत्रके. नेमके त्याचीच दुसरी प्रत कोणाकडे नसते.

बूट डिस्क म्हणजे पाणी शिरल्यावरची नाव. बांध वेगळा घालावा लागतो. प्रती तीन हव्यात: एक कॉम्प्युटरमध्ये, एक बाहेरच्या डिस्कवर आणि एक दुसऱ्याच जागी, मग ते सचिवांचे घर असो की गुगल ड्राइव्ह. आठवडी बाजाराचा दिवस ठरवून टाका, बाजाराला निघण्याआधी प्रत घ्यायची. प्रत घेतली की डिस्क काढून ठेवायची. लावूनच ठेवली तर वीज किंवा व्हायरस दोन्ही एकदम नेतो. जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या' व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीचे असेच केले, आपल्या न्हावा शेवा बंदरातल्या त्यांच्या टर्मिनलचेही काम ठप्प झाले. त्यांच्या मुख्य सर्व्हरच्या सगळ्या प्रती एकमेकांना जोडलेल्या, म्हणून सगळ्या पुसल्या गेल्या. वाचली ती एकच, आफ्रिकेतल्या घाना देशातली, कारण तिथे त्या वेळी लाईट गेली होती! लोडशेडिंगचा असा उपकार आपल्या नशिबी कधी आला नाही, ते सोडा.

यादीत आधार आणि खाते क्रमांक असतील तर फाईलला पासवर्ड घाला आणि ती व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकू नका. पाऊस-वीज सुरू झाली की बटन बंद करून भागत नाही, पिन काढा. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते, ती बदला. आमच्या त्या कार्यालयातली नावापुरतीच होती.

शेवटचे. पेरणीआधी आपण गोणपाटात सोयाबीनचे शंभर दाणे गुंडाळून सत्तर उगवतात का ते बघतो ना, तसाच हा पेन ड्राइव्ह दर मे महिन्यात एकदा लावून बघा, कॉम्प्युटर त्यावरून खरेच सुरू होतो का. त्यावर चिकटपट्टी लावून तारीख टाका आणि 'पुसू नये' असे ठळक लिहा, नाहीतर कोणीतरी त्यात गाणी भरून नेईल. आमच्याकडचा पहिला तसाच गेला.