मेहकरची बिनभाड्याची ओवरी

सुट्टीत पणजीला गेलेली मंडळी हल्ली हॉटेल सोडून तिथल्या फोंतेन्हास वस्तीत जुने घर भाड्याने घेतात. शंभर-दीडशे वर्षांच्या भिंती हव्यात, मधोमध चौक हवा, हाताने घडवलेले नक्षीकाम हवे आणि बाहेर पडले की कवी-चित्रकार जिथून हिंडले ती गल्ली हवी. एका रात्रीचा दर ऐकून आमच्या वऱ्हाडी माणसाला घेरी यावी. पण या यादीतले सगळे काही ज्या इमारतीत आहे, अशी एक इमारत बुलढाणा जिल्ह्यात सातशेहून अधिक वर्षे उभी आहे, आणि ती वाटसरूंसाठी होती. मेहकरची जुनी धर्मशाळा.

पैनगंगेकाठच्या या गावात ही हेमाडपंती वास्तू आहे. मधोमध उघडा चौक, भोवती दगडी खांबांच्या ओवऱ्या. हेमाडपंत म्हणजे हेमाद्री, हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा प्रधान. त्याचे नाव या बांधणीला चिकटले खरे, पण ती त्याच्या आधीपासून चालत आलेली आहे. चुना न वापरता, घडवलेले दगड एकमेकांत बसवून केलेली ही रचना. वरच्या दगडाचे वजन खालच्याला जागेवर धरून ठेवते, म्हणजे इथे सिमेंटचे काम गुरुत्वाकर्षण करते, आणि तेही शतकानुशतके, फुकट!

खांब एवढे जवळजवळ का, असे पाहणाऱ्याला वाटतेच. उत्तर दगडाच्या स्वभावात आहे. आपला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, दाब कितीही सोसतो, पण वाकवायला गेले की तडकतो. त्यामुळे दोन खांबांवर टाकलेली दगडी तुळई फार लांब करता येत नाही. मग छत कसे झाकायचे? कारागीर चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर तिरक्या शिळा टाकतात, त्यातून आत लहान, फिरवलेला चौकोन उरतो. त्याच्या कोपऱ्यांवर पुन्हा तिरक्या शिळा. असे करत करत भोक इतके लहान होते की एका शिळेने ते बंद होते, आणि ती शेवटची शिळा कमळ कोरायला मोकळी असते. यादवकाळातल्या मंडपांत मान वर करून ज्याला आपण शोभा म्हणतो, ती मुळात तुळई न मोडण्याची युक्ती आहे. मला तर ही गोष्ट कुठल्याही कमळापेक्षा सुंदर वाटते.

चौकही नुसता दिखाऊ नव्हे. विदर्भातल्या मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो. जाड दगड तापायला वेळ घेतो, म्हणून दुपारी ओवरी गार राहते. रात्री दगडातली ऊब उघड्या चौकातून आभाळाकडे निघून जाते. विजेचे बिल शून्य.

चारी बाजूंना दालने आणि मध्ये चौक, हा आराखडा किती जुना असावा? नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यात, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा इथे आपण चतुःशाला बांधून दिल्या, उतरायला जागा दिली, असे तो त्यात अभिमानाने नोंदवतो. दशपूर म्हणजे आजचे मंदसौर, गोवर्धन नाशिकजवळचे, सोपारा आजच्या नालासोपाऱ्याशेजारचे. तापीसह काही नद्यांवर त्याने फुकट होड्याही ठेवल्या. मेहकरची ओवरी त्यानंतर हजारेक वर्षांनी उठली, आराखडा तोच.

भाडे नाही, तर खर्च भागवायचा कसा? त्याच लेण्यातला दुसरा लेख यावर थक्क करतो. उषवदाताने 3,000 कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, कोष्ट्यांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, कायम ठेव म्हणून ठेवले. त्यातले 2,000 दरमहा एक टक्का व्याजाने. वर्षाचे व्याज 240 कार्षापण झाले. लेण्यात पावसाळा काढणाऱ्या वीस भिक्षूंना त्यातून प्रत्येकी बारा कार्षापण, वस्त्रासाठी. उरलेल्या 1,000 वर पाऊण टक्का, तेही किरकोळ खर्चाला. मुद्दल कधीच काढायचे नाही. म्हणजे राहणाऱ्याच्या गरजा दुसऱ्याच्या कायम ठेवीतून भागत. आपल्याकडे विहीर, तळे, बाग, अन्नछत्र यांना पूर्तधर्म म्हटले, आणि धर्मशाळा याच घराण्यातली.

आता गल्लीचे काय, कलावंतांची? मेहकरात तीही कमी नाही. इथे कंचनीचा महाल आहे. लोणारच्या कमळजादेवीचा दिवा दिसावा म्हणून कंचनी नावाच्या नर्तकीने तो उभारला, अशी कथा सांगतात. लोणार इथून वीस-पंचवीस किलोमीटरवर. दिवा खरेच दिसला असेल का, हा हिशेब कुणी करू नये. कवी ना. घ. देशपांडे याच गावचे. ‘कंचनीचा महाल’ ही त्यांचीच कविता. त्यांची ‘शीळ’ जी. एन. जोशींनी गायली आणि मराठी भावगीताची वाट खुली झाली. ‘खूणगाठी’ला 1986 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 1888 मध्ये गावात सापडलेली शारंगधर बालाजीची अकरा फुटांची काळी मूर्तीही इथेच आहे. ती लंडनला नेण्याचा इंग्रजांचा बेत होता आणि गावकऱ्यांनी तो हाणून पाडला, हे मेहकरकर अजून छाती फुगवून सांगतात.

वाटसरूला टेकायला जागा देण्याची रीत जिल्ह्यात संपलेली नाही. शेगावला गजानन महाराज संस्थानच्या भक्तनिवासांत माफक देणगीत स्वच्छ खोली मिळते, आणि तिथले चकाचक आवार पाहून मुंबईचे पाहुणे गप्प होतात. मेहकरच्या ओवरीत मात्र आता मुक्काम करता येत नाही. ती संरक्षित स्मारक आहे. रात्री गावातल्या लॉजवर राहावे, सकाळी ऊन वर येण्याआधी चौकात जावे आणि आधी छताकडे पाहावे, खांबांकडे नंतर.