लंबरेषा आलेख
लंबरेषा आलेख : प्रत्येक निरीक्षणाचा बिंदू दाखवून त्यापासून पायारेषेपर्यंत उभी रेषा सोडलेला सांख्यिकीय आलेख. स्टॅटा या संगणकीय आज्ञावलीत तो ‘ड्रॉपलाइन’ या आज्ञेने काढतात. तीत उभ्या अक्षावरील चल आधी व आडव्या अक्षावरील नंतर देतात. पायारेषा वेगळी न सांगितल्यास ती शून्यावर धरली जाते. येथेच दिशाभूल संभवते. कारण वाचक रेषेच्या लांबीवरूनच मूल्य जोखतो. २६° ते २८° से. या तापमानांच्या रेषा शून्यापासून काढल्यास जवळजवळ सारख्याच दिसतात. शिवाय सेल्सिअस मापक्रमातील शून्य हे पाण्याच्या गोठणबिंदूवरून केवळ संकेताने ठरविलेले आहे. अशा वेळी पायारेषा माध्यावर ठेवल्यास वरखाली जाणाऱ्या रेषांवरून विचलने स्पष्ट होतात. मात्र तसे आलेखावर नमूद करावे लागते. निरीक्षणे शेकड्यांनी असल्यास रेषा एकमेकींत मिसळतात. तेथे नुसते बिंदूच बरे.