विश्लेषण : गेमिंग पीसी बदलायची वेळ आली, हे ओळखायचे कसे?

दिवाळीनंतर नाशिकहून मावसभावाचा मेसेज आला, ‘दादा, पीसी जाम लॅग मारतोय. एक लाखाच्या बजेटमध्ये नवीन सुचव ना.’ पाठोपाठ मावशीचा फोन. ‘अरे, काका एफडी मोडायची म्हणतायत. तू इंजिनीअर आहेस, खरंच गरज आहे का ते तूच बघून सांग.’

हा पीसी २०२० च्या लॉकडाउनमध्ये शाळेच्या ऑनलाइन तासांसाठी घेतलेला. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आणि ८ जीबी रॅम. आता भाऊ इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवसा कोडिंग, रात्री गेम.

अशा वेळी चटकन यादी पाठवायचा मोह होतो. पण ही घाई मला एकदा महागात पडली आहे. २०२२ मध्ये पहिल्या नोकरीच्या बोनसमधून मी कॉलेजच्या पीसीत सुमारे २५ हजारांचे नवीन ग्राफिक्स कार्ड बसवले. गेम तरीही अडखळतच राहिला. दोष कार्डाचा नव्हताच, चार कोअरच्या जुन्या प्रोसेसरचा होता. मी काहीही न मोजता, नुसत्या अंदाजाने पैसे घातले होते.

त्यामुळे ‘कोणता घेऊ?’ या प्रश्नाआधी ‘नेमके काय अडले आहे?’ हे विचारायला हवे. त्याचे उत्तर घरबसल्या, फुकटात मिळते.

गेम अडखळतो म्हणजे नेमके काय होते?

गेम म्हणजे एकामागून एक वेगाने दाखवलेली चित्रे, म्हणजेच फ्रेम. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर एक फ्रेम तयार करायला पीसीला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरचा पुरेपूर उपयोग करायचा, तर फक्त ६.९ मिलिसेकंद.

या वेळेत दोघांना काम उरकायचे असते. शत्रू कुठे आहे, गोळी कुणाला लागली, गाडी कशी उलटली, हा हिशेब प्रोसेसर करतो. त्यावरून प्रत्यक्ष चित्र रंगवण्याचे काम ग्राफिक्स कार्डाचे. दोघांपैकी जो मागे राहतो, त्याच्याच वेगाने गेम चालतो. दुसरा कितीही ताकदवान असला तरी त्याला थांबावेच लागते.

आणखी एक गल्लत नेहमी होते. ऑनलाइन गेममधला प्रत्येक ‘लॅग’ पीसीमुळे नसतो. फ्रेम व्यवस्थित येत असतील आणि पिंग मात्र अचानक २० वरून २०० वर जात असेल, तर दोष इंटरनेटचा आहे. तिथे लाखाचा पीसीही काही करू शकत नाही.

दोष प्रोसेसरचा की ग्राफिक्स कार्डाचा?

विंडोज आणि जी ही बटणे एकत्र दाबली की गेम बार उघडतो. त्यातील परफॉर्मन्सच्या चौकटीत प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि रॅम किती वापरली जाते ते दिसते. नेहमीचा गेम अर्धा तास खेळा आणि आकड्यांवर लक्ष ठेवा. त्याआधी व्ही-सिंक आणि फ्रेमवरची मर्यादा बंद करा, नाहीतर आकडे फसवतात.

ग्राफिक्स कार्डाचा वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल, तर कार्ड पूर्ण ताकदीने राबते आहे आणि तेच कमी पडते आहे. तो ६०-७० टक्क्यांवरच घुटमळत असेल आणि फ्रेम तरीही कमी येत असतील, तर अडचण दुसरीकडे आहे.

खात्रीसाठी रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. पडद्यावरचे पिक्सेल सुमारे २०.७ लाखांवरून ९.२ लाखांवर येतात, म्हणजे कार्डाचे काम निम्म्याहून कमी होते. फ्रेम भराभर वाढल्या तर कार्ड अपुरे होते. काहीच फरक पडला नाही तर प्रोसेसर किंवा रॅमकडे बघा.

प्रोसेसरचा एकूण वापर ४० टक्के दिसला म्हणून तो निर्दोष ठरत नाही. अनेक गेमचा मुख्य भार एक-दोन कोअरवर पडतो. सहापैकी एक कोअर पूर्ण भरला आणि बाकीचे मोकळे बसले, तरी सरासरी कमीच दिसते. रॅम ९० टक्क्यांच्या वर गेलेली असेल, तर विंडोज काही माहिती डिस्कवर हलवते. डिस्क रॅमपेक्षा कितीतरी मंद असल्याने मध्येच झटके बसतात.

पैसे न खर्चता काय करता येते?

बरेच काही. पाच वर्षांच्या पीसीच्या कॅबिनेटमध्ये धुळीचा थर असतोच. पंखे आणि हीटसिंक चोंदले की तापमान वाढते आणि प्रोसेसर किंवा कार्ड स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. सुरुवातीला छान चालणारा गेम २० मिनिटांनी रखडत असेल, तर आधी सफाई करा. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळली असेल तर तीही बदलून घ्या.

१४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन तो विंडोजमध्ये ६० वरच ठेवणारे कमी नाहीत. डिस्प्लेच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये तो आकडा तपासा. मॉनिटरची केबल मदरबोर्डाला नव्हे, ग्राफिक्स कार्डाला जोडलेली आहे ना, तेही बघा. रॅमचा डब्यावर लिहिलेला वेग आपोआप मिळतोच असे नाही. तो बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो सुरू करून मिळवावा लागतो.

शिवाय अपस्केलिंग आहे. यात गेम कमी रिझोल्यूशनवर तयार होतो आणि नंतर मोठा करून दाखवला जातो. एनव्हिडियाच्या डीएलएसएसला आरटीएक्स मालिकेचे कार्ड लागते. एएमडीने २०२१ मध्ये आणलेले एफएसआर मात्र जीटीएक्ससारख्या जुन्या कार्डांवरही चालते. चित्र थोडे मऊ होते, पण वर्ष-दीड वर्ष निघून जाऊ शकते.

एखादा भाग बदलून भागेल का?

असेंबल केलेल्या डेस्कटॉपचा खरा फायदा हाच. त्यात सगळ्यात स्वस्तात फरक पाडणाऱ्या गोष्टी दोन. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आणि एकट्या रॅमच्या जोडीला दुसरी. दोन सारख्या स्टिक असतील तर प्रोसेसरला दोन वाटांनी माहिती मिळते. त्यामुळे केवळ क्षमताच नाही, वेगही वाढतो.

प्रोसेसर बदलायचा तर मदरबोर्डाचे सॉकेट बघावे लागते. एएमडीचे एएम४ सॉकेट याबाबतीत दीर्घायुषी ठरले. २०१७ मध्ये पहिल्या रायझनसोबत घेतलेल्या अनेक मदरबोर्डांवर बायोस अपडेट करून २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डीसुद्धा बसतो. इंटेलकडे ही सोय कमी. सातव्या पिढीच्या मदरबोर्डावर आठव्या पिढीचा प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाही, दोघांच्या पिनांची संख्या सारखी असूनही.

ग्राफिक्स कार्ड घेताना एसएमपीएसकडे दुर्लक्ष करू नका. जीटीएक्स १६५० ची गरज ७५ वॉटची. त्याची बरीच मॉडेल मदरबोर्डाच्या स्लॉटमधूनच वीज घेतात. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॉट लागतात आणि वेगळी पॉवर केबलही. एनव्हिडिया त्यासाठी ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवते. कॅबिनेटसोबत आलेला बिननावाचा एसएमपीएस असेल, तर कार्डाच्या बजेटमध्ये त्याचीही किंमत धरा.

मॉनिटर बदलतानाही हिशेब करा. १०८० वरून १४४० वर गेलात की पिक्सेल २०.७ लाखांवरून ३६.९ लाखांवर जातात. काल नीट चालणारा पीसी आज अचानक जुना वाटू लागतो. प्रत्यक्षात पीसी तोच असतो, काम वाढलेले असते.

पूर्ण पीसी बदलणे केव्हा अटळ ठरते?

वेग कमी पडणे ही एक गोष्ट, दारच बंद होणे ही दुसरी. दार तीन ठिकाणी बंद होते.

पहिले विंडोजचे. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती ग्राहकांना नावनोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. विंडोज ११ साठी टीपीएम २.० हवे. इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर अधिकृत यादीत आहेत, तर एएमडीमध्ये रायझन २००० मालिकेपासूनचे.

दुसरे ग्राफिक्स कार्डाचे. एकेकाळी घरोघरी दिसणाऱ्या जीटीएक्स १०५० टीआय, १०६० अशा १० मालिकेच्या कार्डांसाठी नव्या गेमनुसार ड्रायव्हर देणे एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले. सुरक्षेपुरते अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहेत. कार्ड लगेच बंद पडणार नाही, पण नव्या गेममध्ये त्रुटी आली तर ती दुरुस्त होण्याची आशा कमी.

तिसरे खुद्द गेमचे. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि ‘डूम : द डार्क एजेस’ या गेमना रे ट्रेसिंगची सोय असलेले कार्डच लागते. सेटिंग कितीही कमी केली तरी त्यातून सुटका नाही. ‘बॅटलफील्ड ६’ साठी सिक्युअर बूट सुरू असावे लागते आणि किमान आरटीएक्स २०६० दर्जाचे कार्ड सांगितले आहे.

प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम तिन्ही एकदम बदलावे लागत असतील आणि वर कार्डही अपुरे असेल, तर तुकड्यातुकड्यांनी खर्च करण्यात अर्थ नाही. तेव्हा नवीन पीसी घेणेच शहाणपणाचे. त्यातही जुनी एसएसडी, कॅबिनेट, मॉनिटर आणि कीबोर्ड-माउस पुन्हा वापरता येतात.

आताच घ्यावा की थांबावे?

‘थांबा, सहा महिन्यांनी स्वस्त होईल,’ हा सल्ला कॉम्प्युटरच्या बाबतीत वर्षानुवर्षे बरोबर ठरत आला. २०२५ च्या अखेरीस रॅमच्या बाबतीत तो उलटा पडला. एआयच्या डेटा सेंटरसाठी मेमरीची मागणी वाढली. कारखान्यांनी उत्पादन तिकडे वळवले आणि डीडीआर५ रॅमच्या अनेक किटच्या किमती काही महिन्यांत दुपटीच्या पुढे गेल्या. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने आपल्या क्रुशियल या ग्राहकांसाठीच्या ब्रँडचा व्यवसाय गुंडाळत असल्याचे जाहीर केले.

याचा अर्थ घाबरून खरेदी करावी असा नाही. नवा पूर्ण पीसी घेतला की रॅमही नवी घ्यावी लागते. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर तर फक्त डीडीआर५ चालते. म्हणून महागाईच्या काळात जुना मदरबोर्ड आणि जुनी रॅम टिकवून एखादाच भाग बदलण्याचा पर्याय अधिक सरस ठरतो.

न आलेल्या गेमसाठी आजच खर्च करणे तर टाळाच. ‘जीटीए ६’ साठी जाहीर झालेली १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस यांच्यासाठी आहे. पीसीची तारीख त्यात नाही. ‘जीटीए ५’ कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला आणि पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये. त्या गेमसाठी आज घेतलेला पीसी गेम येईपर्यंत वर्ष-दोन वर्षांचा झालेला असू शकतो.

मग निर्णय कसा घ्यायचा?

कागदावर चार ओळी लिहा. रोज खेळता ते तीन गेम कोणते? त्यात आता किती फ्रेम मिळतात? किती मिळाल्या तर समाधान आहे? आणि मोजल्यावर कोणता भाग कमी पडताना दिसला? चौथ्या ओळीत एकच भाग असेल तर तेवढाच बदला. ओळ कोरी असेल तर काहीच घेऊ नका.

मावसभावाला हेच करायला लावले. रोजचे गेम निघाले ‘व्हॅलोरंट’ आणि ‘जीटीए ५’. कार्डाचा वापर ६५ टक्क्यांच्या आसपास, रॅम मात्र ९५ टक्के भरलेली. मागे ब्राउझरचे वीस टॅब आणि डिस्कॉर्ड उघडे. ८ जीबीची एकच स्टिक आणि शेजारचा स्लॉट पाच वर्षे रिकामा. प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसणारा.

त्याने सफाई केली आणि तसलीच दुसरी ८ जीबीची स्टिक घेतली. रॅम महागलेली असूनही हा खर्च नव्या पीसीच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा कमी होता. झटके थांबले. कोडिंगच्या सॉफ्टवेअरलाही जागा मिळाली.

‘बॅटलफील्ड ६’ त्याच्या पीसीवर अजूनही नीट चालेलच असे नाही. जीटीएक्स १६५० त्या गेमच्या किमान पात्रतेत बसत नाही, हे त्याला स्पष्ट सांगितले. तो खेळायचाच असेल तर पुढची पायरी आहे ग्राफिक्स कार्ड आणि चांगला एसएमपीएस. प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम तेच राहतील. त्यासाठी इंटर्नशिपच्या पैशांतून बचत करायची, असे त्याने स्वतःच ठरवले आहे.

काकांची एफडी तूर्तास बँकेतच आहे.