विदर्भ खालच्या गटात होता, त्याची गोष्ट

वर्धा, हिंगणघाट, पुलगावकडची कॉलेजातली पोरं हल्ली इंग्लंडच्या दुसऱ्या पातळीच्या फुटबॉलवर तावातावानं बोलतात. २०२४-२५ च्या चॅम्पियनशिपमध्ये लीड्स आणि बर्नली या दोघांचेही शंभर गुण झाले. ल्यूटन प्रीमियर लीगमधून घसरला आणि पुढच्याच हंगामात आणखी एक पायरी खाली गेला. हे सगळं त्यांना तोंडपाठ. पण वर चढण्या-घसरण्याचा हाच खेळ आपल्या रणजी करंडकातही चालतो आणि आपला विदर्भ त्यात बराच काळ खालच्या गटात होता, हे विचारलं तर अर्धे जण गप्प बसतात आणि उरलेले चुकीचं सांगतात.

‘आपण महाराष्ट्रात, म्हणजे आपला संघ महाराष्ट्र’

राज्य एक असलं तरी रणजीत संघ तीन आहेत: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. वर्धा विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या हद्दीत येतो. पवनार, सेलू, केळझर, बुटीबोरी ओलांडून नागपूरकडे निघालं की शहराआधीच जामठ्याचं स्टेडियम लागतं. तेच आपलं घरचं मैदान.

‘खालच्या गटातला संघ करंडक जिंकूच शकत नाही’

रणजीचे एलिट आणि प्लेट असे दोन थर पडले ते २००२-०३ च्या हंगामापासून. त्याआधी सगळं विभागवार चाले. सुरुवातीला प्लेट म्हणजे दुय्यम स्पर्धाच होती. पुढे प्लेटमधल्या वरच्या संघांना बाद फेरीचं दार उघडलं आणि २०१०-११ मध्ये राजस्थाननं त्या दारातून शिरून थेट करंडकच उचलला. कर्णधार कोण, तर पुण्याचा हृषीकेश कानिटकर. अंतिम सामना बडोद्याविरुद्ध, तोही बडोद्याच्याच गावी. आधी आठ वेळा अंतिम फेरीत हरलेल्या राजस्थानचं ते पहिलंच विजेतेपद होतं, आणि ते आलं प्लेटमधून! पुढच्या वर्षी कानिटकरच्याच नेतृत्वाखाली त्यांनी ते राखलंही.

२०१०-११ च्याच हंगामात जयपूरला राजस्थाननं हैदराबादला २१ धावांत गुंडाळलं होतं. पदार्पण करणाऱ्या दीपक चहरनं १० धावांत ८ बळी घेतले. हैदराबाद म्हणजे दोनदा रणजी जिंकलेला संघ. तोही तेव्हा प्लेटमध्येच होता, म्हणजे जुन्या नावाची पुण्याई इथे कामी येत नाही. २०२२-२३ मध्ये हैदराबाद पुन्हा घसरला, पुढच्या वर्षी प्लेट जिंकून परत आला. त्या वर्षी तन्मय अगरवालनं अरुणाचल प्रदेशाविरुद्ध १४७ चेंडूंत त्रिशतक ठोकलं.

‘विदर्भाचा पहिला करंडक सोप्या गटातून आला’

हा गैरसमज मला सगळ्यांत जास्त खटकतो. कारण २०१७-१८ मध्ये वरचा-खालचा गट अशी भानगडच नव्हती. २८ संघ सात-सातच्या चार समान गटांत वाटलेले होते. विदर्भ आपल्या गटात पहिला आला. मग कोलकात्यात कर्नाटकाविरुद्धचा उपांत्य सामना. कर्नाटकाला हव्या होत्या १९८ धावा आणि डाव आटोपला १९२ वर. रजनीश गुरबानीनं त्या डावात सात गडी टिपले. विजय अवघ्या पाच धावांनी. इंदूरच्या अंतिम सामन्यात त्याच गुरबानीनं दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक घेतली. फैज फजलच्या विदर्भानं तो सामना नऊ गडी राखून जिंकला, प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित. याला सोपा गट म्हणणाऱ्यानं एकदा तरी धावफलक उघडावा.

पुढच्या हंगामात नऊ नवे संघ आले, प्लेट गट परत आला आणि त्यात पहिला आलेला उत्तराखंड उपांत्यपूर्व फेरीत नेमका विदर्भापुढेच उभा राहिला. त्यांनी पहिल्या डावात ३५५ धावा केल्या, हे विसरू नका. पण वसीम जाफरचं द्विशतक आणि विदर्भाच्या ६२९ धावा यांपुढे इलाज नव्हता. २०२२-२३ पासून मात्र प्लेटचा अंतिम सामना वेगळा झाला. राजस्थानसारखी उडी आता एका हंगामात मारता येत नाही.

‘प्लेटमधल्या खेळाडूकडे कोण बघतं?’

घसरण संघाची होते, खेळाडूच्या नोंदी प्रथमश्रेणीच राहतात. खापरखेड्याच्या उमेश यादवनं विदर्भाकडून २००८ मध्ये पदार्पण केलं तेव्हा संघ प्लेटमध्येच होता. तीन वर्षांत तो भारताकडून कसोटी खेळला. गोवा २०२३-२४ मध्ये घसरला. पुढच्या मोसमात पर्वरीत अरुणाचलाविरुद्ध स्नेहल कवठणकर आणि कश्यप बकले यांनी ६०६ धावांची अखंड भागी केली. ही रणजीतली सर्वांत मोठी भागीदारी. त्याच मोसमात प्लेट जिंकून गोवा वर आला.

अर्थात प्लेटमध्ये समोरचे संघ कच्चे असतात, हे आकड्यांआड लपवू नये. बिहारच्या आशुतोष अमननं २०१८-१९ मध्ये एका हंगामात ६८ बळी घेतले, तेही प्लेटमध्ये. विदर्भाच्या हर्ष दुबेनं २०२४-२५ मध्ये ६९ घेऊन तो विक्रम मोडला आणि ते सगळे एलिटमधले. माझ्या लेखी एका बळीपेक्षा हा फरक मोठा आहे.

‘जिंका नाहीतर खाली जा’

फुटबॉलची सवय असलेल्यांना इथे हमखास चकवा बसतो. चॅम्पियनशिपमध्ये प्रत्येक क्लबला ४६ सामने मिळतात. रणजीत साखळीचे सामने जेमतेम सात. निर्णायक विजयाला सहा गुण, डावानं किंवा दहा गड्यांनी जिंकल्यास आणखी एक. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला तीन आणि दुसऱ्याला एक. पावसानं पहिला डावच पुरा झाला नाही तर दोघांनाही एकेक. त्यामुळे दोन सामने पाण्यात गेलेला बरा संघसुद्धा तळाशी दिसू शकतो.

पहिल्या डावातल्या एकेका धावेची किंमत २०२५ च्या बाद फेरीत दिसली. केरळ उपांत्यपूर्व फेरीत एका धावेच्या आणि उपांत्य फेरीत दोन धावांच्या आघाडीवर पुढे सरकला. उपांत्य सामन्यात गुजरातचा शेवटचा फटका शॉर्ट लेगला उभ्या क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटवर आदळून स्लिपमध्ये झेलला गेला, आणि गुजरात ४५५ वर थांबला, केरळच्या ४५७ पुढे. मग जामठ्याला अंतिम सामना. विदर्भ ३७९, केरळ ३४२. सामना अनिर्णित, पण ३७ धावांच्या आघाडीवर तिसरा करंडक विदर्भाचा.

आणखी एक. आपल्या गटात शेवटचा आला म्हणून कोणी आपोआप घसरत नाही. एलिटच्या चारही गटांची मिळून क्रमवारी लावली जाते आणि तळाचे संघ खाली जातात. २०२४-२५ पर्यंत दोन जायचे आणि दोन यायचे. २०२५-२६ पासून एकच जातो, एकच येतो. एलिटमधल्या ३२ संघांचा जीव त्यानं जरा भांड्यात पडला असेल. प्लेटमधल्या सहा संघांना मात्र आता उपविजेतेपद काहीच देत नाही.