नेवार्क ते नगर : अंतर किती, वेळ किती?

आपल्या नगर जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतली मुलं आज अमेरिकेत आहेत. घरात कुणी गेलं की पहिला प्रश्न येतो, "थांबायचं का? तो कधी पोचेल?" कुणीतरी मोबाईल बघून सांगतं, चौदा तास. आमचे थोरले बंधू गेले तेव्हा आम्हीही हेच ऐकून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबलो. शेवटी अग्नी द्यावा लागला. पुतण्या आला तो रात्री. हिशेब कुठे चुकला, ते आज पाहू.

नेवार्क ते मुंबई हवाई अंतर सुमारे 12,500 किलोमीटर. विमानाचा वेग ताशी साधारण 900. भागाकार केला तर चौदाच तास येतात. पण हे अंतर मोजलं कसं? घरी एक मोसंबी घ्या, तिच्यावर दोन खुणा करा आणि दोरा ताणून धरा. पृथ्वीच्या गोलावर असाच दोरा धरला, तर तो अटलांटिकवरून आडवा जात नाही. आइसलँडजवळ 65 अक्षांशापर्यंत वर चढतो आणि मग खाली उतरतो. सपाट नकाशावर वाकडी दिसणारी हीच सर्वांत जवळची वाट.

आता ही वाट तरी मोकळी कुठे आहे? 2022 मध्ये रशियाचं आकाश अमेरिकी विमानांना बंद झालं, एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानचं भारतीय विमानांना. मग वळसा आला. शिवाय साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. म्हणून इकडे येताना चौदा-साडेचौदा तास, तर जाताना सोळाच्या आसपास. अंतर तेच, वेळ वेगळी! आपल्या वैशेषिकांनी दिक् आणि काल ही दोन स्वतंत्र द्रव्यं मानली, त्याची इथे आठवण होते.

घड्याळही फसवतं. उन्हाळ्यात नेवार्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं. तिथून रात्री नऊला निघालेलं विमान इथे दुसऱ्या दिवशी रात्री नऊला उतरलं, तर प्रवास चोवीस तासांचा नाही, साडेचौदा तासांचा.

आणि विमान म्हणजे काही पूर्ण प्रवास नव्हे. घरून निघून विमानतळावर तीन तास आधी पोचायचं. मुंबईत पासपोर्टची रांग, सामान. पुढे नगरपर्यंत अडीचशे किलोमीटर रस्ता. काकडीला 2017 पासून शिर्डीचा विमानतळ आहे खरा, पण मुंबईत उतरल्यावर पुढची गाठ रस्त्याशीच पडते. म्हणजे चौदाचे सहज सत्तावीस तास होतात, तेही तिकीट त्याच दिवशी मिळालं तर.

तेव्हा मुलाला "किती तास लागतील" असं विचारू नका. "घरी कोणत्या दिवशी, किती वाजता पोचशील" असं विचारा. तेवढं थांबणं शक्य नसेल, तर तो विमानात बसण्यापूर्वीच त्याला सांगा, "आम्ही पुढचं करून घेतो, तू सावकाश ये." आम्ही पुतण्याला हे सांगितलं नव्हतं.